वसुलीला कुटुंब, सवलतीला व्यक्ती

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला आणि ‘बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही’ या एका वाक्याने मध्यमवर्गाच्या मनातील अनेक वर्षांची अढी बऱ्याच अंशी दूर केली. तो आनंद रास्त होता. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या पगारदाराकडे इतक्या मोकळ्या हाताने यापूर्वी क्वचितच पाहिले गेले असेल. परंतु त्या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. हे बारा लाख कोणाचे? घराचे की माणसाचे?

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. माणसाचे. ज्या समाजात उत्पन्न एकाच्या नावावर येते आणि खर्च मात्र साऱ्या घराचा होतो, त्या समाजासाठी या उत्तराचा अर्थ काय होतो, हे आकड्यांतूनच पाहिले पाहिजे.

एकाच इमारतीतील दोन बिऱ्हाडे घेऊ. दोघांचेही वार्षिक उत्पन्न सोळा लाख. पहिल्या घरात पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, प्रत्येकी आठ लाख मिळवतात. दुसऱ्या घरात एकटा पती कमावतो. पत्नीने सासूच्या अर्धांगवायूमुळे नोकरी सोडली आहे, दोन मुले शाळेत आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीने हिशेब केला, तर पहिल्या घराचा आयकर शून्य. दुसऱ्या घरात ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १५ लाख २५ हजार करपात्र राहतात. त्यावर कर १ लाख ८ हजार ७५० रुपये आणि चार टक्के उपकर धरून १ लाख १३ हजार १०० रुपये. उत्पन्न चोवीस लाखांवर नेले, तर अंतर आणखी रुंदावते. बारा-बारा लाखांच्या दोन पगारांवर तेव्हाही शून्यच. एकट्याच्या चोवीस लाखांवर मात्र २ लाख ९२ हजार ५०० रुपये.

दोघे नोकरी करतात त्यांच्या घरी पाळणाघराचा खर्च असतो, स्वयंपाकाला बाई लावावी लागते, दोघांच्या प्रवासाचा व्यय असतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यावर कर वाढवावा, असेही कोणी म्हणत नाही. प्रश्न दुसऱ्या घराचा आहे. तेथे पाच माणसे एका पगारावर जगतात. एका वृद्धेची शुश्रूषा बाजारातून विकत न घेता घरातच केली जाते. त्या शुश्रूषेचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही, हे आपण जाणतोच. पण तिच्यासाठी सोडलेल्या पगाराची भरपाई दूरच राहिली, उलट त्याच घराला एक लाख तेरा हजारांच्या आसपास अधिक कर भरावा लागावा, यात न्याय कोठे आहे?

यावर ठराविक उत्तर असे दिले जाते की, आयकराचे तत्त्वच वैयक्तिक आहे, करदाता म्हणजे व्यक्ती, त्याच्या घरी कोण आहे याच्याशी तिजोरीला कर्तव्य नाही. हे तत्त्व सर्वत्र सारखेपणाने पाळले गेले असते, तर ते मान्य नसूनही समजून घेता आले असते. पण कायद्याची पाने थोडी उलटली की निराळेच दृश्य दिसते.

१९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ६४ पाहा. पतीने आपल्या पैशातून दहा लाखांची मुदतठेव पत्नीच्या नावे केली, तर तिचे व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचे? पतीच्या. सासऱ्याने सुनेला पैसे वा मालमत्ता दिली, तर त्यापासूनचे उत्पन्न सासऱ्याच्या खात्यात. १९९२ च्या वित्त कायद्याने यात अज्ञान मुलांची भर घातली. आजीने नातवाच्या नावे ठेवलेल्या रकमेचे व्याजसुद्धा आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्यातून मुलामागे सूट किती? वर्षाला दीड हजार रुपये. नव्या करपद्धतीत तीही नाही. करचुकवेगिरी रोखण्यासाठी ही तरतूद आहे, असा खुलासा होईल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि मुद्दा वेगळा आहे. पती, पत्नी, सून आणि मूल हे एकच आर्थिक घटक आहेत, हे या कायद्याला उत्तम कळते. वसुलीची वेळ आली की तो घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन प्रत्येकाचे नाते विचारतो. सवलतीची वेळ आली की मात्र त्याला दारात उभा असलेला एकच माणूस दिसतो.

येथे दोन शब्दांतील भेद समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या घरांमध्ये वर्षानुवर्षे विवरणपत्र भरूनही तो पुष्कळांना स्पष्ट नसतो. ‘वजावट’ उत्पन्नातून होते, ‘सूट’ करातून होते. आरोग्य विम्याच्या २५ हजारांच्या हप्त्याची वजावट मिळाली, तर तीस टक्क्यांच्या टप्प्यातील अधिकाऱ्याचे साडेसात हजार वाचतात आणि पाच टक्क्यांच्या टप्प्यातील कारकुनाचे साडेबाराशे. हप्ता तोच, आजारपण तेच, पण शासनाचा हात अधिकाऱ्याकडे सहापट सैल. सूट मात्र थेट कराच्या रकमेतून वजा होते, म्हणून ज्याच्या डोक्यावर तेवढा कर आहे त्या प्रत्येकाला ती सारखीच मिळते. सनदी लेखापाल जिला ‘रिबेट’ म्हणतात ती हीच. कलम ८७-अ ने ती २०१३ मध्ये आली, तेव्हा पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना फक्त दोन हजार रुपये होती. २०१९ मध्ये ती साडेबारा हजार झाली. २०२३ मध्ये नव्या पद्धतीसाठी सात लाखांपर्यंत पंचवीस हजार आणि २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंत साठ हजार. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ याचा तांत्रिक अर्थ एवढाच. चार लाखांच्या पुढे कर आकारला जातोच, मग तो या सुटीने पुसला जातो. बारा लाखांची सीमा किंचित ओलांडणाऱ्याला काही अंशी सांभाळून घेतले जाते, पण सूट म्हणून ती तेथेच संपते.

आणि ही सूट किती नाजूक असते, याचा अनुभव २०२४ च्या जुलै महिन्यात आला. विवरणपत्रे भरण्याचा हंगाम ऐन भरात असताना विभागाच्या संगणकप्रणालीत बदल झाला आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर, म्हणजे प्रामुख्याने समभागांच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर, ही सूट मागताच येईना. कायद्यात शब्द बदलला नव्हता, यंत्रातील खिडकी बंद झाली होती. मुंबईतील चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि विलंबित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने नव्या पद्धतीत अशा उत्पन्नावर सूट नाही, हे स्पष्टच करून टाकले. संसदेने केलेला बदल आपण स्वीकारू. पण हक्क मागण्याचा रकानाच नाहीसा करणे ही कोणती रीत?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जुन्या करपद्धतीत ‘कुटुंब’ हा शब्द ठळक नसला, तरी त्याच्या खुणा जागोजागी होत्या. कलम ८०-क मध्ये दोन मुलांचे शिक्षणशुल्क बसत होते. ८०-ड मध्ये पत्नी-मुलांच्या आरोग्य विम्यासाठी २५ हजार आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी आणखी ५० हजार. आई-वडिलांचा विमा उतरत नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्चही त्याच मर्यादेत धरता येत असे. ८०-डीडी ही तर फार माणुसकीची तरतूद होती. घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल, तर ७५ हजार आणि दिव्यांगत्व तीव्र असेल, तर सव्वा लाख रुपयांची ठोक वजावट. पावत्यांचा ढीग मागण्याची गरज नाही. ज्या आईला रात्री तीनदा उठावे लागते, तिच्याकडे पावत्या असणार तरी कोणत्या, हे त्या कलमाच्या कर्त्याला कळले होते.

याच पद्धतीत हास्यास्पद कृपणताही होती. मुलांच्या शिक्षण भत्त्यावरील करमाफी १९९७ पासून २०२५ पर्यंत मुलामागे महिना शंभर रुपये, तीही दोनच मुलांपर्यंत, अशी गोठून राहिली. शंभर रुपयांत आज शाळेच्या रिक्षाचे दोन दिवस निघत नाहीत. तरीही त्या शंभर रुपयांत एक कबुली होती. तुला मूल आहे, हे शासनाला ठाऊक आहे, अशी.

२०२० मध्ये नवी करपद्धती आली. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत झाली आणि जुनी हवी असेल, तर ती मागून घ्यावी लागू लागली. जुलै २०२४ अखेर दाखल झालेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या पद्धतीतील होती. या पद्धतीत वर सांगितलेल्या वजावटींपैकी एकही नाही. वयाचाही भेद नाही. जुन्या पद्धतीत साठीनंतर तीन लाख आणि ऐंशीनंतर पाच लाख करमुक्त होते. येथे पंचविशीतील तरुण आणि पंच्याऐंशीतील आजोबा यांना चार लाखांची एकच मर्यादा.

याचा परिणाम काय झाला, तो एका उदाहरणाने दाखवतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन पडताळावा. दोन पगारदार, दोघांचा पगार सोळा लाख. पहिला अविवाहित, आई-वडील स्वावलंबी, अंगावर कोणतीच जबाबदारी नाही. जुन्या पद्धतीत त्याला ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरेचे दीड लाख एवढेच मिळे. करपात्र उत्पन्न चौदा लाख, कर २ लाख ३२ हजार ५००. दुसऱ्याच्या घरी वृद्ध आई-वडील, घराचे कर्ज आणि तीव्र दिव्यांग मुलगी. त्याच्या वजावटी अशा: प्रमाणित ५० हजार, ८०-क चे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, आरोग्य विम्याचे ७५ हजार आणि मुलीसाठी सव्वा लाख. एकूण सहा लाख. करपात्र दहा लाख, कर १ लाख १२ हजार ५००. दोघांच्या करात एक लाख वीस हजारांचे अंतर. हे अंतर म्हणजेच त्या घराच्या जबाबदाऱ्यांना दिलेली मान्यता होती.

नव्या पद्धतीत दोघांचा कर उपकर सोडून १ लाख ८ हजार ७५०. अगदी एकसारखा. अविवाहित तरुणाचे १ लाख २३ हजार ७५० रुपये वाचले. आई-वडील, कर्ज आणि दिव्यांग लेक सांभाळणाऱ्याचे वाचले ३ हजार ७५०. त्याचाही कर कमी झालाच ना, असे कोणी म्हणेल. झाला, महिन्याला सुमारे तीनशे बारा रुपयांनी. त्या बापाने हिशेब करून नवी पद्धत निवडली, तर तो शहाणाच ठरेल. परंतु निवड त्याच्यापुढे ठेवली, म्हणून न्याय झाला असे होत नाही. शासनाने आपले सारे औदार्य दरांत ओतले, आणि जबाबदारी असणारा व नसणारा यांच्यातील रेघ पुसून टाकली.

या ठिकाणी दुसऱ्या एका कायद्याची आठवण करून देणे अवश्य आहे. २००७ मध्ये संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यानुसार आई-वडिलांना सांभाळणे हे अपत्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. निर्वाहखर्च देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. ज्येष्ठाची देखभाल आपल्याकडे असताना त्याला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. हा कायदा योग्यच आहे. पण एका हाताने ‘सांभाळले नाहीस तर तुरुंग’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने सांभाळण्यावर खर्च झालेल्या पैशावरही त्याच दराने कर घ्यायचा, ही विसंगती एकाच संसदेच्या दोन कायद्यांत नांदते आहे. आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवून त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्याचा आणि त्यांना घरी ठेवून त्यांची सेवा करणाऱ्याचा कर नव्या पद्धतीत समान आहे.

या मुद्द्यावर बोलू लागले की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘तुम्हाला हिंदू अविभक्त कुटुंबाची सवलत आहे ना!’ पुरोगामी लेखणीला तर हा विषय विशेष प्रिय. विधी आयोगाच्या २०१८ च्या विचारार्थ पत्रिकेत ही व्यवस्थाच मोडीत काढावी, असे सुचवले गेले होते. म्हणून तिचे वास्तव जाणून घेऊ. अविभक्त कुटुंब हा आयकरात स्वतंत्र करदाता आहे. जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लाभ आहे. परंतु त्यात वडिलोपार्जित मालमत्तेचे किंवा कुटुंबाच्या व्यवसायाचे उत्पन्नच धरता येते. पगार हे नेहमी व्यक्तीचेच उत्पन्न. स्वकष्टार्जित घर वा ठेव कोणी कुटुंबाच्या पोतडीत टाकली, तर १९६९ अखेरनंतर केलेल्या अशा हस्तांतरणाचे उत्पन्न पुन्हा त्या व्यक्तीच्याच माथी येते. आणि ज्या ८७-अ च्या सुटीचा एवढा गाजावाजा झाला, ती केवळ निवासी व्यक्तीला आहे, अविभक्त कुटुंबाला नाही. ज्याच्याकडे गावी वाडा आणि बाजारपेठेत पेढी आहे, त्याला या व्यवस्थेचा उपयोग आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून आई-वडिलांना सांभाळणाऱ्या शिक्षकाला तिचा तीळभरही उपयोग नाही. नावात कुटुंब असले, तरी तेथे जे ओळखले जाते ती मालमत्ता.

मग जगात इतरत्र काय आहे? ज्यांना आपण व्यक्तिवादी म्हणून बोल लावतो, ज्यांच्या विस्कटलेल्या कुटुंबांवर आपल्याकडे व्याख्याने होतात, त्या देशांच्या करकायद्यांत कुटुंब ठसठशीत उभे आहे. फ्रान्समध्ये १९४५ पासून घराचे एकत्र उत्पन्न घरातील ‘हिश्श्यां’नी भागून कर ठरतो. पती-पत्नीचा प्रत्येकी एक, पहिल्या दोन मुलांचा प्रत्येकी अर्धा आणि तिसऱ्यापासून प्रत्येक मुलाचा पूर्ण एक हिस्सा. जर्मनीत १९५७ मध्ये घटना न्यायालयाने विवाहितांवर अधिक करभार टाकणारी पद्धत राज्यघटनेतील विवाह व कुटुंबाच्या संरक्षणाविरुद्ध ठरवली आणि १९५८ पासून पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र करून निम्मे-निम्मे वाटून कर आकारण्याचा पर्याय मिळाला. अमेरिकेत जोडप्याला संयुक्त विवरणपत्राचा लाभ १९४८ पासून आहे, आणि मुलांसाठीची करातील सूट १९९७ च्या कायद्याने आली. २०२५ साली ती मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत झाली आहे. न्यू जर्सीत राहणारा पुण्याचा अभियंता पत्नीसह एकच विवरणपत्र भरतो, तेथे जन्मलेल्या मुलांची सूट घेतो आणि दिवाळीला घरी आला की येथील भावाकडून ऐकतो की, आपल्याकडे असे काही नसते.

‘आपल्याकडे असे काही नसते’ हेही पूर्ण सत्य नाही. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात रायगडचे सुपुत्र, तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी दीड हजार रुपयांची करमुक्त मर्यादा विवाहितांसाठी दोन हजारांवर नेली आणि अविवाहितांसाठी एक हजारावर आणली. दोन वर्षांनी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तीत दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तीनशे रुपयांची भर घातली. नव्याने स्वतंत्र झालेल्या, रिकाम्या तिजोरीच्या देशाला ही दृष्टी परवडत होती. पुढे ती वाट सोडून देण्यात आली.

संयुक्त विवरणपत्राची मागणी आता नवी राहिलेली नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेने पती-पत्नींना ऐच्छिक संयुक्त आकारणी द्यावी, अशी सूचना सरकारला केली होती. तिच्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो केवळ स्त्रीवाद्यांचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. उत्पन्न एकत्र केले की पत्नी नोकरीला लागताच तिच्या पहिल्या रुपयावर पतीच्या टप्प्याचा चढा दर बसतो, आणि ‘एवढ्यासाठी कशाला नोकरी?’ हा प्रश्न घरात येतो. जर्मनीत या पद्धतीवर हीच टीका होते. आपल्या लेकी-सुना शिकून कर्तबगारी गाजवत असताना करकायद्याने त्यांना मागे खेचावे, असे कोणत्याही सुजाण घराला वाटणार नाही.

म्हणूनच अधिक सरळ मार्ग अवलंबितांमागे सूट हा आहे. नव्या करपद्धतीचे दर आहेत तसे राहू द्यावेत. विवरणपत्रही प्रत्येकाचे स्वतंत्र राहू द्यावे. फक्त करपात्र उत्पन्न नसलेले ज्येष्ठ आई-वडील किंवा सासू-सासरे, अज्ञान मुले आणि स्वतःचे उत्पन्न नसलेला जोडीदार, यांपैकी प्रत्येकामागे ठरावीक रक्कम करातून थेट वजा व्हावी. समजा, ती दहा हजार रुपये ठेवली. आरंभीच्या उदाहरणातील सासू, पत्नी आणि दोन मुले सांभाळणाऱ्या घराचे चाळीस हजार रुपये वाचतील. पत्नी उद्या नोकरीला लागली, तर तिच्यापुरती सूट थांबेल, पण तिच्या पगारावरचा दर तिचाच राहील. वजावट न देता सूट द्यायची, याचे कारण वर आलेच आहे: मोठ्या साहेबाची आई आणि कारकुनाची आई यांच्या औषधाला शासनाने निरनिराळा भाव लावू नये. दिव्यांग अवलंबितांसाठी मात्र याहून बरीच मोठी सूट हवी, आणि ती सर्वांत आधी हवी. अशा करदात्या घरांची संख्या पाहता तिजोरीला ती जड जाण्याचे कारण दिसत नाही.

सुलभीकरणाच्या नावाखाली याला विरोध होईल. वजावटी म्हटल्या की खोट्या भाडेपावत्या आणि बनावट देणग्या आल्याच, म्हणून सगळेच काढून टाकले, असा युक्तिवाद आहे. लबाडी होत होती, हे कबूल. पण ज्या विभागाला आपल्या बचत खात्यातील व्याज रुपयापर्यंत ठाऊक असते आणि जो ते विवरणपत्रात आधीच भरून ठेवतो, त्याला आधार आणि पॅन यांच्या जोडणीतून एका आईवर दोन मुलांनी सूट घेतली का, हे शोधता येऊ नये? दिव्यांगांसाठी तर शासनाने स्वतःच विशिष्ट ओळखपत्राची योजना राबवली आहे. २०२५ मध्ये संसदेने १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा संमत केला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. भाषा सुटसुटीत झाली, कलमांचे क्रमांक बदलले, शेकडो पाने गळली. कुटुंब मात्र होते तेथेच राहिले.

सरकार आपल्या विचारांचे आहे, तेव्हा अशा मागण्या जाहीरपणे कशाला, अशी कुजबुज कार्यकर्त्यांत कधी कधी ऐकू येते. दत्तोपंत ठेंगडी यांनी वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर उघड आणि कठोर टीका केली होती, एवढे त्यांनी आठवावे. अर्थसंकल्पापूर्वी अर्थ मंत्रालय नागरिकांकडून सूचना मागवते. उद्योगसंघटना आणि दलालपेठांची निवेदने तेथे वेळेवर पोहोचतात. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या घरांची कोणती संघटना आहे? ती निवेदने गणेशमंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, गृहनिर्माण संस्थांनी पाठवावीत. मजकूर एका पानात मावेल. वरचे सोळा लाखांचे उदाहरण तेवढे सोबत जोडावे.

तोवर प्रत्येक घराने दोन्ही पद्धतींचा हिशेब दरवर्षी मांडावा. जुन्या पद्धतीच्या वजावटी कायद्यातून गेलेल्या नाहीत. घरभाडे, गृहकर्ज, आई-वडिलांचा विमा आणि दिव्यांग अवलंबित हे सारे एकत्र येत असेल, तर काही घरांना तीच आजही लाभदायक ठरते. सोळा लाखांच्या पगारावर प्रमाणित वजावट धरून सव्वासहा लाखांच्या आसपास वजावटी होत असतील, तर जुनी पद्धत सरस. त्याहून कमी असतील, तर नवी. कार्यालयात वर्षारंभी नवी पद्धत कळवली असली, तरी पगारदाराला विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते. मात्र ते विहित मुदतीत भरले पाहिजे. मुदत टळली की जुन्या पद्धतीचे दार त्या वर्षापुरते बंद होते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना ही ये-जा दरवर्षी करता येत नाही. त्यांनी वेगळा अर्ज भरण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. दिव्यांग मुलाचे प्रमाणपत्र मुदतीचे असेल, तर ते मार्चपूर्वी नव्याने करून घ्यावे, कारण पुष्कळ घरांची सव्वा लाखाची वजावट केवळ त्या एका कागदावर अडते.